रेंजफाइंडरवर चेहरे टिपायला कोणती लेन्स: ७५, ८५ की ९०?

प्रश्न असा आहे: "लायका एम६ आहे, ०.७२ व्ह्यूफाइंडरचा. ३५ आणि ५० वर हात बसलाय. आता माणसांचे चेहरे टिपायला एक लांब लेन्स घ्यायची आहे. ७५ एफ/१.४ चं फार आकर्षण आहे, ९० एफ/२ पण डोक्यात आहे, आणि एका मित्राने जुनी ८५ एफ/२ घे म्हणून सुचवलंय. एकच घेता येईल. कोणती घेऊ?"

(३५, ७५, ९० हे लेन्सचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. एफ/ पुढचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या आतल्या उजेडाच्या भोकाचा: आकडा लहान तितकं भोक मोठं.) आधी उत्तर सांगून टाकतो: यातली एकही नको. ९० एफ/२.८ घ्या, किंवा ७५ एफ/२.५ च्या आसपासची. या तिन्ही लेन्स मी वर्षानुवर्षं वापरल्या आहेत आणि तिन्हींवर माझा जीव आहे. तरीही तुमच्या कॅमेऱ्यावर, एकच लांब लेन्स असताना, मी त्या सुचवणार नाही. का, ते नीट सांगतो. हे एकदा समजलं की पुढे कुठलीही लेन्स समोर आली तरी तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. फोकस चुकला तर तो चुकलेला दिसतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्स काय बघतेय ते कॅमेऱ्याला ठाऊकच नसतं. लेन्सच्या पाठीमागे एक कॅम असतो, तो कॅमेऱ्यातल्या छोट्या रोलरला ढकलतो, रोलरचा दांडा आतली काच हलवतो आणि व्ह्यूफाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनातली, म्हणजे पॅचमधली, दुसरी प्रतिमा सरकते. ती पहिलीवर नेमकी बसली की फोकस झाला. म्हणजे सगळा कारभार यांत्रिक निरोपावर चालतो. निरोप बरोबर पोचला तर फोकस बरोबर.

खरी मेख पुढे आहे. लायकाचा रोलर ५१.६ मिलिमीटरच्या लेन्सच्या हिशेबाने बसवलेला असतो. ५० ची लेन्स अनंतापासून १ मीटरपर्यंत येताना जेमतेम पावणेतीन मिलिमीटर पुढे सरकते, आणि रोलरही जवळपास तेवढाच हलतो. ९० ला तेवढ्याच प्रवासात जवळजवळ १० मिलिमीटर पुढे यावं लागतं, पण रोलरला मात्र तेच पावणेतीन मिलिमीटर दाखवायचे असतात. लेन्सची हालचाल मोठी आणि रोलरची छोटी, म्हणजे रोलरच्या बाजूला झालेली चूक फिल्मवर जाताना मोठी होते. किती? नाभीय अंतरांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी. ९० भागिले ५१.६, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण तिप्पट. ८५ ला २.७ पट, ७५ ला २.१ पट.

आता हे प्रत्यक्षात काय करतं ते पाहा. समजा तुमच्या एम६ चा रोलर ०.०२ मिलिमीटरने चुकीच्या जागी आहे. एवढी चूक कुठल्याही वापरलेल्या कॅमेऱ्यात सहज असू शकते. ५० वर ती तुम्हाला कधी जाणवणारही नाही. ९० वर ती फिल्मपाशी ०.०६ मिलिमीटर होते. आणि एफ/२ ला फिल्मपाशी आपल्याला सूट किती? ०.०३ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालवून घ्यायचा ठरवला तर मागेपुढे ०.०६ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या डोळ्याची चूक, समोरच्या माणसाचं हलणं, तुमचा श्वास, यातलं काहीही जमेस धरायच्या आधीच सगळी सूट संपली. एफ/४ ला हीच सूट ०.१२ होते, आणि तिथे श्वास घ्यायला जागा उरते.

यावरून एक साधा हिशेब निघतो, तो मी नवीन लेन्स बघताना नेहमी मनात करतो. नाभीय अंतराचा वर्ग भागिले एफ-आकडा. आकडा जितका मोठा, तितकी ती लेन्स रेंजफाइंडरकडून जास्त मागते. ५० एफ/१.४ चा येतो १७८६. ही लेन्स तुम्हाला एम६ वर आरामात जमते असं धरून चालू. ९० एफ/४ चा २०२५, ७५ एफ/२.५ चा २२५०. म्हणजे ५० एफ/१.४ पासून फार दूर नाही. ७५ एफ/२ चा २८१३ आणि ९० एफ/२.८ चा २८९३, जवळजवळ सारखेच. मग ८५ एफ/२ चा ३६१३, ७५ एफ/१.५ चा ३७५०, आणि सगळ्यांत वर ७५ एफ/१.४ चा ४०१८ आणि ९० एफ/२ चा ४०५०. लोक मला सांगतात की "९० एफ/२ जड जाते म्हणून ७५ एफ/१.४ घेतोय". फोकसच्या दृष्टीने त्या दोघी एकाच तोलाच्या आहेत. १३५ एफ/४ चा ४५५६ येतो, म्हणून ती तर आणखीच अवघड, पण तो वेगळा विषय.

हे झालं लेन्सचं. कॅमेऱ्याची बाजू मोजायची ती प्रभावी बेसने, तो जितका मोठा तितका फोकस नेमका. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं वर्धन. तुमच्या एम६ चं अंतर ६९.२५ मिलिमीटर, ०.७२ ने गुणलं की जवळजवळ ५०. १९५४ च्या एम३ चं वर्धन ०.९१ आहे, तिथे हा आकडा ६२ पर्यंत जातो, आणि म्हणूनच ९० साठी आजही लोक एम३ शोधतात. एम८, एम९ या डिजिटल कॅमेऱ्यांचं वर्धन ०.६८, म्हणजे ४७. २००५ च्या झाइस इकॉनचा बेस ७५ मिलिमीटरचा आणि वर्धन ०.७४, त्यामुळे तो ५५ वर जातो. फोग्टलँडर बेसा आर२ चा बेस ३७ चाच, वर्धन ०.७ च्या आसपास, म्हणजे २६. १९७३ चा छोटा लायका सीएल ३१.५ गुणिले ०.६, म्हणजे १९.

सीएलकडे जरा लक्ष द्या, कारण त्यात उत्तर दडलेलं आहे. त्या कॅमेऱ्यासाठी लायकाने जी खास लांब लेन्स दिली ती होती एल्मार-सी ९० एफ/४. एवढ्या छोट्या बेसवर त्यांनी एफ/२ दिली नाही, एफ/२.८ ही दिली नाही. बेसासाठी कोसिनाने, म्हणजे फोग्टलँडर नावाने हे कॅमेरे आणि लेन्स बनवणाऱ्या जपानी कंपनीने, सुरुवातीला काढलेल्या लांब लेन्सही ७५ एफ/२.५ आणि ९० एफ/३.५ होत्या. कॅमेऱ्याला काय पेलवतं ते बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र लेन्स निवडताना कॅमेरा विसरतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका वृद्ध व्हायोलिनवादकाचं छायाचित्र काढायचं होतं. खिडकीजवळची खुर्ची, डाव्या बाजूने येणारा मऊ उजेड, आणि माझ्याकडे ७५ एफ/१.४, कॅमेरा ०.७२ चाच. १ मीटरवरून, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर मी अख्खा रोल काढला. तेवढ्या अंतरावर एफ/१.४ ला स्वच्छ दिसणारा पट्टा सगळा मिळून दीड सेंटीमीटरहूनही कमी असतो, म्हणजे पापणीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतही पुरत नाही. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रोलच्या छोट्या प्रिंटवर, सगळ्याच फ्रेम सुंदर दिसत होत्या. भिंग लावलं तेव्हा कळलं: ३६ मध्ये जवळचा डोळा धारदार होता फक्त ९ मध्ये. बाकीच्यांत कुठे भुवई, कुठे कानशिलावरचे पांढरे केस, कुठे चष्म्याची दांडी. आणि ज्या फ्रेममध्ये त्यांच्या चेहऱ्यावर सगळं काही होतं, वाजवून झाल्यावर ओठ किंचित उघडे आणि नजर अजून तारांवरच, त्या फ्रेममध्ये नेमका कान धारदार होता. ती फ्रेम मी आजही टाकून देऊ शकलेलो नाही, आणि लावूही शकलेलो नाही. काही महिन्यांनी त्याच खुर्चीत, तशाच उजेडात, ९० एफ/२.८ वर एफ/४ ठेवून काढलं. शटर मंदावलं, कोपर टेबलावर टेकवावं लागलं, पण डोळे हवे तिथे आले.

७५ एफ/१.४ बद्दल माझं मन कडू आहे असं समजू नका. वॉल्टर मँडलर यांची ही रचना, लायकाच्या कॅनडातल्या मिडलँडच्या कारखान्यातली, १९८० ची. पूर्ण उघडी असताना ती बारीक तपशील जपते आणि वर उजेडाची एक पातळ साय धरते. त्वचेला ती जी वागणूक देते ती मला दुसऱ्या कुठल्या लेन्समध्ये मिळाली नाही. पण वजन अर्ध्या किलोहून जास्त, आणि ती एम६ वर लावली की व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकते. ज्याच्याकडे आधीच एखादी भरवशाची ९० आहे आणि जो संध्याकाळच्या उजेडात मुद्दाम सावकाश काम करतो, त्याने ती जरूर घ्यावी. हाच दिसण्याचा बाज थोड्या हलक्या वजनात हवा असेल तर २०१९ ची फोग्टलँडर नॉक्टन ७५ एफ/१.५ आहे, ३५० ग्रॅमची, ०.७ मीटरपर्यंत जवळ येणारी. उघडी असताना मऊ, एफ/२.८ ला एकदम घट्ट. फोकसची कसरत मात्र तीच.

७५ मध्ये सगळ्यांत निर्दोष म्हणाल तर २००५ ची अपो-सुमिक्रॉन ७५ एफ/२. आत तरंगता गट आहे, म्हणजे जवळ येताना काचांमधलं अंतर बदलतं, आणि ०.७ मीटरवरही ती तितकीच काटेकोर राहते. तिथे साधारण १७ बाय २५ सेंटीमीटरची चौकट भरते. हाताचे पंजे, फुलं, वाद्याची खुंटी, यासाठी हे फार उपयोगी पडतं. माझी एकच अडचण: ती फार खरं बोलते. वयस्क चेहऱ्यावर एफ/२ ला ती प्रत्येक रेष मोजून देते, आणि मागचा गोंगाट आणि पुढचा चेहरा यांच्यातली सीमा एखाद्या पात्यासारखी कापते. काहींना नेमकं हेच हवं असतं.

तुम्हाला ७५ च हवी असेल तर माझा कल एफ/२.५ च्या बाजूला आहे. कोसिनाची १९९९ ची कलर-हेलिआर ७५ एफ/२.५, स्क्रू माउंटची, २३० ग्रॅमची. खिशात मावते आणि एफ/२.५ लाच वापरायला तयार असते. तिचा कमीत कमी फोकस १ मीटर. लायकाच्या २००७ च्या सुमारिट ७५ एफ/२.५ चा ०.९ मीटर, आणि नंतर २०१४ मध्ये आलेली एफ/२.४ ०.७ पर्यंत येते. हा फरक खरेदीच्या वेळी लोक बघत नाहीत आणि पहिल्याच दिवशी हळहळतात.

स्क्रू माउंटची लेन्स एम कॅमेऱ्यावर लावताना अडॅप्टर कोणता ते नीट बघा. अडॅप्टर तीन तऱ्हेचे मिळतात, कारण कुठल्या फ्रेमलाइन, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटीच्या रेषा, उजळायच्या ते तोच ठरवतो: २८/९०, ३५/१३५ आणि ५०/७५. ७५ साठी ५०/७५ चा, ८५ किंवा ९० साठी २८/९० चा. एम३ आणि एम२ मध्ये ७५ ची फ्रेमच नाही. ती एम४-पी पासून आली. तुमच्या एम६ मध्ये ती आहे, पण ५० च्या फ्रेमच्या आत नुसत्या तुटक खुणा म्हणून. घाईत डोळा बाहेरच्या ५० च्या चौकटीलाच धरतो. माझी कितीतरी ७५ ची छायाचित्रं त्यामुळे डोक्याच्या वरून कापली गेली आहेत. सवय व्हायला दोन-तीन रोल लागतात.

९० ची फ्रेम स्वच्छ असते, पण लहान. एम६ मध्ये २८ ची चौकट जवळजवळ सगळा व्ह्यूफाइंडर भरते, आणि ९० ची त्याच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. एवढ्याशा खिडकीत माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणं सुरुवातीला जड जातं. पण त्याचा एक फायदा आहे जो एसएलआरवाल्यांना मिळत नाही: चौकटीबाहेर काय येतंय ते दिसत राहतं. कुणी मध्ये येतंय, हात वर उठतोय, मान वळतेय, हे अर्धा क्षण आधी कळतं. आणि एक लक्षात ठेवा, एम६ च्या फ्रेमलाइन ०.७ मीटरच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. ३-४ मीटरवरून ९० वापरली की चौकटीबाहेरचंही बरंच फिल्मवर येतं. एम९ मध्ये हा हिशेब १ मीटरचा आहे आणि त्यानंतरच्या एम टाइप २४० मध्ये २ मीटरचा. म्हणून एम६ वर लांबचं काढताना मी चौकट थोडी घट्टच धरतो.

आता ९० कडे येऊ. इथे निवड खूप आहे, आणि बहुतेक सगळ्याच चांगल्या आहेत. १९९० ची एल्मारिट-एम ९० एफ/२.८ ही माझी पहिली शिफारस. चारच काचा, साधारण ४०० ग्रॅम, ४६ चा फिल्टर, आतच सरकणारा हूड, आणि एफ/२.८ लाच कोपऱ्यापर्यंत नीट. तिला स्वतःचा रुबाब नाही असं काही जण म्हणतात. मला ती प्रामाणिक वाटते. चेहरा जसा आहे तसा येतो, आणि मागची धूसरता कुठे लक्ष वेधत नाही. कोनिकाची एम-हेक्सानॉन ९० एफ/२.८ तिच्या जवळपासची, थोडी हलकी, बांधणी उत्तम. २०२१ ची फोग्टलँडर अपो-स्कोपार ९० एफ/२.८ ही २५० ग्रॅमची आहे. नवी, स्वच्छ काच हवी असणाऱ्याने आज सरळ हीच बघावी.

हलकेपणा सगळ्यांत महत्त्वाचा असेल तर टेली-एल्मारिट आहे, १९७४ नंतरची सडपातळ. सव्वादोनशे ग्रॅम, ३९ चा फिल्टर. प्रवासात माझ्याकडे कित्येक वर्षं हीच होती. पण तिच्यात एक रोग आहे आणि तो नीट समजून घ्या. आतल्या काचेवर धुकं धरतं, आणि काही वेळा ते कोटिंगला किंवा काचेलाच चरत जातं. नुसतं धुकं असेल तर पुसून निघतं, चरलेलं असेल तर काही उपाय नाही. वरवर बघून हे दिसत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून छोटा टॉर्च लावा, पुढून तिरकं बघा. निरोगी काचेत चार-दोन धुळीचे कण चमकतील, रोगी काचेत अख्खी दुधाळ साय दिसेल. जपानी जुन्या लेन्समध्येही, विशेषतः १९५० च्या दशकातल्या कॅननमध्ये, ही परीक्षा करूनच घ्यावी. कॅननची १०० एफ/३.५ मात्र चांगली मिळाली तर सोडू नका, ती वजनाला काहीच नाही.

९० एफ/२ बद्दल थोडक्यात. १९८० ची मँडलर यांचीच सुमिक्रॉन एफ/२ ला मऊ आणि एफ/४ पासून भक्कम, १९९८ ची अपो-सुमिक्रॉन एफ/२ लाच धारदार. दोन्ही अर्ध्या किलोच्या घरातल्या. एम३ असेल, डोळे तरुण असतील, तर आनंदाने घ्या. ०.७२ वर घ्यायचीच असेल तर सोबत १.२५ पटीचं आयपीस भिंग घ्या. ०.७२ गुणिले १.२५ म्हणजे ०.९, आणि प्रभावी बेस ६२, म्हणजे तुमचा एम६ फोकसपुरता एम३ होतो. खरं तर ९० एफ/२.८ घेतलीत तरी हे भिंग घ्याच. ९० ची फ्रेमही त्यात मोठी दिसते, आणि भाव वाचण्याची जी अडचण वर सांगितली ती बरीच मिटते. ३५ लावताना तेवढं काढून ठेवावं लागतं.

मित्राने सुचवलेली ८५ एफ/२ कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे कॉन्टॅक्स या जर्मन रेंजफाइंडरसाठी लुडविग बेर्टेले यांनी केलेली १९३० च्या दशकातली सोनार ही लेन्स. तीन गटांत चिकटवलेल्या काचा, हवेला लागणारे पृष्ठभाग कमी, म्हणून कोटिंग नसलेल्या काळातही तिचा कॉन्ट्रास्ट टिकायचा. निप्पॉन कोगाकूची (आजच्या निकॉनची) निक्कोर ८.५ सेंटीमीटर एफ/२ त्याच वाटेवरची. १९५० मध्ये लाइफ या अमेरिकी नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना टोकियोत निक्कोरची ओळख झाली आणि कोरियाच्या युद्धात त्यांनी त्या आपल्या लायकांवर लावून नेल्या. जपानी काचेचं नाव जगभर झालं त्यात या प्रसंगाचा मोठा वाटा आहे. हातात घेतली की जड, गार आणि घट्ट, आणि एफ/२ ला काळं-पांढरं इतकं गोड देते की रंगीत फिल्म भरायचं मनात येत नाही. पण सोनार पद्धतीच्या लेन्समध्ये ॲपर्चर मिटत जाताना फोकस मागे सरकतो. एसएलआरवर हे निदान मिटलेल्या ॲपर्चरला पाहता येतं, इथे रोलरला त्याचा पत्ता नसतो. तुमची प्रत एफ/२ ला जुळवलेली असेल तर एफ/२.८ आणि एफ/४ ला नाक चुकून कान येऊ लागतात. एफ/५.६ नंतर फोकसची खोली, म्हणजे स्वच्छ दिसणारा पट्टा, सगळं झाकते. ज्याला आपल्या प्रतीचा स्वभाव पाठ आहे तो किंचित मागे झुकून हे भरून काढतो. एकच लांब लेन्स असताना रोज हा हिशेब सांभाळायचा का, ते तुम्ही ठरवा.

मित्राच्या मनात सोव्हिएत ज्युपिटर-९ असेल तर स्पष्ट सांगतो, एम६ वर ती घेऊ नका. काच सुंदर आहे, ॲपर्चरच्या पंधरा पात्यांचं वर्तुळ कुठल्याही आकड्याला गोल राहतं. पण सोव्हिएत कॅमेरे कॉन्टॅक्सच्या ५२.४ च्या हिशेबाने चालतात आणि लायका ५१.६ च्या. अनंताला जुळवली तर जवळ चुकते, जवळ जुळवली तर अनंत जातं. ३५ वर हा फरक फोकसच्या खोलीत लपतो. ८५ एफ/२ वर, वर सांगितलेल्या २.७ पटीमुळे, तो उघडा पडतो. याच कारणाने निकॉन आणि कॉन्टॅक्स रेंजफाइंडरचे माउंट दिसायला एकसारखे असूनही त्यांच्या लांब लेन्स एकमेकांवर चालत नाहीत.

७५ की ९० याचा निर्णय शेवटी तुम्ही माणसापासून किती लांब उभे राहता त्यावर. चेहऱ्याच्या ठेवणीत दोघींत फार फरक नाही. ७५ मध्ये खांदे, हात, खुर्चीची पाठ येते, म्हणजे माणूस कुठे बसलाय ते कळतं. ९० मध्ये फक्त माणूस उरतो. तुम्ही ५० वर हात बसलाय म्हणता, म्हणून ९० कडे झुकतो. ५० आणि ७५ एकाच पिशवीत असल्या की मी नेहमी घुटमळतो. कोणती लावू हे ठरेपर्यंत समोरचा माणूस कंटाळतो.

वापरताना एक सवय लावून घ्या. पॅच मध्यभागी असल्यामुळे आपण डोळ्यावर फोकस करतो आणि मग कॅमेरा वळवून चौकट ठरवतो. १ मीटरवर कॅमेरा १० अंश वळवला तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या दीड सेंटीमीटर मागे जातं. एफ/१.४ ला सगळी खोलीच तेवढी नाही. म्हणून जवळून काढताना डोळा मध्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा आणि नंतर प्रिंटमध्ये कापा, किंवा वळवल्यावर केसभर मागे झुका. आणि फोकस लागल्यावर रिंगशी खेळत बसू नका. रिंग तिथेच ठेवा, स्वतः कमरेतून हळूच पुढे-मागे व्हा, दोन प्रतिमा एक झाल्या की दाबा. समोरून उजेड येऊन पॅच पांढरा पडला तर डोळा आयपीसच्या नेमका मध्यावर आणा, तो परत दिसू लागतो.

लेन्स घरी आली की पहिला रोल छायाचित्रांसाठी भरू नका. माझी एक ९० दुरुस्तीला दिली होती, परत आली तेव्हा अनंताला पॅच केसासारखा जुळत होता, म्हणून मी निश्चिंत झालो. पुढचे तीन रोल १ मीटरवरचे सगळे चेहरे नाकावर फोकस होऊन आले. तेव्हापासून मी तीन ठिकाणी तपासतो: लांबचा एखादा मनोरा, ३ मीटर, आणि लेन्सचं कमीत कमी अंतर. फिल्म न घालवता करायचं असेल तर कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडा, शटर बी वर उघडं ठेवा, फिल्म ज्या रुळांवर सरकते त्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून टेकवा, आणि भिंगाने बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर. समोर मोजपट्टी ४५ अंशात तिरकी ठेवा, एका आकड्यावर काळी रेघ मारा, पॅच तिच्यावर जुळवा, ॲपर्चर पूर्ण उघडं. काचेवर रेघेच्या दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच विरायला हवेत. रेघेपुढचे जास्त स्वच्छ असतील तर फोकस पुढे पडतोय, मागचे असतील तर मागे. मग तेच ५० लावून बघा. ५० वरही तीच चूक त्याच दिशेने दिसली तर दोष कॅमेऱ्याचा, रोलर जुळवून घ्या. फक्त ९० वर दिसली तर आधी लेन्सवर संशय घ्या, कारण कॅमेऱ्याची बारीक चूक ५० वर लपूनही राहते. शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्यावर तीच ९० लावून खात्री करा, आणि दुरुस्तीला देताना लेन्स आणि कॅमेरा दोन्ही एकत्र द्या.